ढवळायचं नाही

जुलैचा दुसरा शनिवार.
केंटकीच्या या खबदाडीत ऊन उशिरा उतरतं,
पण उतरलं की बसतं मानगुटीवर.
तरी मी अंगात चढवते डेलबर्टचा जुना जाड सदरा,
बाह्या पार मनगटापर्यंत,
आणि पट्ट्याला अडकवते चरबीचा रिकामा डबा.
दोन्ही हात मोकळे हवेत.
एक फांदी वाकवायला, एक तोडायला,
साप निघालाच तर दोन्ही जोडायला.

कुंपणावर ब्लॅकबेरी माजलीय.
तार आता दिसतच नाही.
अकरा वर्षांपूर्वी मोजणीवाला आला होता,
गुलाबी फिती बांधत, एक डोळा मिटून
म्हणाला, दोन फूट.
कुणाचे दोन फूट, यावरून
मी आणि ऑर्विल स्टिडम बोलेनासे झालो.
चर्चमध्ये तो डावीकडे, मी उजवीकडे.
मधून पाद्री चालतो बिचारा
अंग चोरून.

ब्लॅकबेरीला मोजणी कळत नाही.
मुळं त्याच्याकडे, फांद्या माझ्याकडे,
काटे दोघांनाही.

पिकलेलं फळ ओढावं लागत नाही.
बोट लावलं की सुटून येतं.
धरून बसलेलं असतं ते अजून आंबट असतं.
मी फळांबद्दलच बोलतेय.

यंदा त्याच्या बाजूची नुसतीच गळतायत.
मे महिन्यात गवताच्या गाडीवरून पडला,
खुबा मोडला.
दिवसभर पोर्चवर बसून असतो, पुढ्यात वॉकर.
मी तारेतून हात घातला.
त्यानं पाहिलं.
त्यानं पाहिलेलं मी पाहिलं.
कुत्रं एकदा भुंकलं,
मग त्यालाच कंटाळा आला.

ओव्हन साडेतीनशेवर.
बिडाच्या खोलगट तव्यात लोण्याची अख्खी कांडी,
आतच वितळू द्यायची, कडेला फेस धरेपर्यंत.
एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध.
बेकिंग पावडर नजरेनं.
मीठ चिमूटभर, पण चिमूट माझी,
सदतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बोटांची.
हे सगळं ओतायचं लोण्यावर,
त्यावर साखरेत रस सुटलेली फळं,
आणि मग, इथेच सगळ्यांचं चुकतं,
ढवळायचं नाही.

सुनेला तीनदा सांगितलं.
तिचा हात शिवशिवतोच.
अगं टॅमरा, राहू दे जिथल्या तिथे.
तळाचं पीठ आपणहून वर येतं,
फळाला वळसा घालत, फट सापडेल तिथून,
त्याला घाई नसते,
आणि वर आलं की कुरकुरीत होतं.
कुठे पीठ, कुठे जांभळं डबकं,
गोधडीवर शाई सांडावी तसं.
रस उतू जाऊन ओव्हनच्या बुडाशी करपला,
धुराचा भोंगा वाजला,
मी झाडू उचलून त्याला गप्प केलं.

कुंपणातून तीस पावलं.
रस्त्यानं पाऊण मैल.
मी रस्त्यानं गेले.
पिकअपच्या सीटवर गरम तवा, खाली टॉवेल,
वरून पट्टा लावलेला,
शाळेतलं पोर न्यावं तसा.

ऑर्विल तव्याकडे बघत राहिला.
"माझ्या बाजूची?"
"अर्धी."
"कुठली अर्धी?"
मी खरंच वाकून बघितलं.
म्हटलं, "आता काय सांगू."

कडेचा तुकडा त्यानं स्वतःच मोडून घेतला,
तोंड पोळलं, तरी थांबला नाही.
दात जांभळे, मिशीवर रस.
अकरा वर्षांनी पहिलं पूर्ण वाक्य बोलला:
"आइस्क्रीम नाही आणलंस."

आज मंगळवार.
तवा अजून त्याच्याकडेच आहे.
डेलबर्टच्या आईचा तवा, चाळीस वर्षांचं तेल मुरलेला.
साबण लावून घासला असेल त्यानं,
तर पुढची अकरा वर्षं
मी काही बोलायची नाही.